सहा मजूर, एक मुकादम आणि लग्नाचा व्हिडिओ

या वेळी रिठदहून एक पत्र आलंय. रिठद म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, रिसोड तालुक्यातलं गाव. पत्र लिहिणारा नववीत आहे आणि त्याचे मामा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतात. तो लिहितो, "काका, मामा रात्री जेवण झालं की कॉम्प्युटर रेंडरला लावतात आणि झोपतात. सकाळी उठून पाहावं तर कधी काम झालेलं असतं, तर कधी मधेच लाइन गेलेली असते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून! मामांचे एक मित्र म्हणाले, की काही वर्षांपूर्वी लोक हेच काम खेळाच्या डब्यावर, म्हणजे प्लेस्टेशनवर, झटपट करून घ्यायचे. बाबा म्हणतात, ही घरात खेळाचा डबा आणायची युक्ती आहे. खरं काय?"

बाबांचा संशय रास्त आहे. (सगळ्या बाबांचे असे संशय बहुधा रास्तच असतात!) पण मामांचे मित्रही थापा मारत नव्हते. प्लेस्टेशन ३ नावाच्या खेळयंत्रावर व्हिडिओचं एन्कोडिंग खरोखरच केलं गेलं. ते का जमलं आणि पुढे का थांबलं, ते आज पाहू. वही-पेन्सिल जवळ घ्या, थोडे गुणाकार करायचे आहेत.

आधी हे एन्कोडिंग म्हणजे काय भानगड आहे ते बघू. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली चित्रं. आपल्याकडे डीव्हीडीवरच्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात. एक चित्र ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ठिपके उंच. म्हणजे ४,१४,७२० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट. आता करा हिशेब. एका चित्राला सुमारे साडेबारा लाख बाइट, सेकंदाला ३ कोटी ११ लाख बाइट. तीन तासांच्या लग्नाला? सुमारे ३३६ गिगाबाइट! आणि साध्या डीव्हीडीत मावतात ४.७ गिगाबाइट. म्हणजे नवरीच्या घरी एक डबी द्यायची, तर त्याऐवजी ७२ डीव्हीडींची थप्पी न्यावी लागेल.

म्हणून हे सगळं आवळून, दाबून, छोटं गाठोडं बांधायचं. त्याला म्हणतात एन्कोडिंग. कॅमेरासुद्धा चित्रं थोडी आवळूनच साठवतो, पण कापाकापी केल्यावर, गाणी आणि नावं टाकल्यावर ती उलगडून पुन्हा बांधावी लागतात. मामांचा कॉम्प्युटर रात्रभर जागतो तो बऱ्याच अंशी या गाठोड्यापायी.

आता गंमत बघा. मंगलाष्टकं चालू आहेत. मांडव तोच, अंतरपाट तोच, भटजी तिथंच. पहिल्या चित्रात आणि दुसऱ्या चित्रात फरक किती? जवळजवळ नाहीच. मामांचा हात थोडा हलला असेल, तर सगळं चित्र दोन ठिपके डावीकडे सरकलेलं असेल, इतकंच. मग दुसरं चित्र पूर्ण कशाला साठवायचं? "मागच्या चित्रातला हा तुकडा घे आणि दोन ठिपके डावीकडे ठेव" एवढा निरोप लिहिला की काम झालं! एच.२६४ नावाची व्हिडिओ आवळण्याची पद्धत प्रामुख्यानं अशीच चालते. ती चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोनी तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा आधीच्या चित्रात कुठं होता ते शोधते.

(आणि आता एक कोडंही सुटेल. लग्नाच्या व्हिडिओत अक्षता पडायला लागल्या, की चित्र कधीकधी चौकटी-चौकटीचं का दिसतं? कारण हवेत उडणारा प्रत्येक तांदूळ दर चित्रात नव्या जागी! मागच्या चित्रात शोधून तुकडाच सापडत नाही. फोटोवाल्यानं फ्लॅश मारला तरी तेच. सगळं चित्र एकदम उजळतं आणि शोधणाऱ्याची फसगत होते.)

हा शोध फार महाग पडतो. किती, ते मोजू. ७२० बाय ५७६ च्या चित्रात १६ बाय १६ चे तुकडे होतात ४५ गुणिले ३६, म्हणजे १६२०. एक तुकडा शोधताना चारी दिशांना १६-१६ ठिपके सरकवून बघितलं, तर तपासायच्या जागा होतात ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९. प्रत्येक जागी तुकड्यातले २५६ ठिपके एकेक करून ताडून बघायचे. रंग सोडा, नुसता उजेड-अंधाराचा आकडा घेतला तरी २५६ वजाबाक्या. तुम्हीच गुणा. एका तुकड्याला २,७८,७८४ वजाबाक्या. एका चित्राला ४५ कोटींच्या वर. एका सेकंदाच्या व्हिडिओला सुमारे ११२९ कोटी!

दर सेकंदाला ३२० कोटी ठोके देणारा प्रोसेसर घेतला आणि तो एका ठोक्याला एक वजाबाकी करतो असं धरलं, तर तीन तासांच्या लग्नाच्या नुसत्या वजाबाक्यांना साडेदहा तास लागतील. झाली की नाही रात्र? शहाणं सॉफ्टवेअर सगळ्या १०८९ जागा बघत नाही. अंदाजानं निम्म्याहून जास्त जागा सोडून देतं. तरी काम डोंगराएवढं उरतंच.

पण या डोंगराकडे जरा नीट बघा. यात अवघड असं काही आहे का? एकही नाही. साधी वजाबाकी, चौथीतल्या मुलाला येणारी. फक्त ती कोट्यवधी वेळा करायची आहे. आणि एका जागेची वजाबाकी दुसऱ्या जागेच्या वजाबाकीसाठी थांबून राहत नाही. अशा कामाला एक फार हुशार माणूस लागत नाही. पुष्कळ साधी माणसं लागतात.

सोयाबीनची सोंगणी आठवा. दहा एकर वावर आहे. कृषी विद्यापीठात पहिला आलेला एकटा माणूस विळा घेऊन उतरला, तर किती दिवस लागतील? त्यापेक्षा आठ मजूर ओळीनं बसले, की काम भराभर उरकतं. या पाटीतलं त्या पाटीत विचारायला जावं लागत नाही, ज्यानं-त्यानं आपली ओळ सोंगायची.

साध्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर त्या पहिल्या आलेल्या माणसासारखा असतो. त्याला पत्र लिहिणं, गाणं वाजवणं, प्रिंटर चालवणं, हिशेब करणं, सगळं येतं. खेळाच्या यंत्राचं तसं नाही. खेळात मोटार वळली, की रस्ता, झाडं, डोंगर, धूळ, सगळ्यांच्या जागा पुन्हा मोजाव्या लागतात, आणि तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. हजारो सारखे हिशेब, एकाच वेळी. म्हणजे खेळयंत्र बनवणाऱ्यांना पहिल्यापासूनच मजुरांची टोळी हवी होती.

सोनी, तोशिबा आणि आयबीएम या तीन कंपन्यांनी २००१ पासून अशी एक टोळी एका चिपमध्ये बसवायला घेतली. तिचं नाव सेल. ती नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ मधून बाजारात आली. सेलमध्ये एक मुकादम आहे आणि आठ मजूर. मुकादम म्हणजे नेहमीसारखा प्रोसेसर, तो कामं वाटतो, हिशेब ठेवतो. मजूर मात्र नुसते भराभर आकडेमोड करतात. आठ मजूर म्हटलं खरं, पण प्लेस्टेशनमध्ये आठही कामाला येत नाहीत. चिप तयार होताना बारीकसा दोष राहून एखादा मजूर अधू निघू शकतो. अशा चिपा फेकून दिल्या तर कंपनीचं दिवाळं निघेल, म्हणून सगळ्याच चिपांमधला एकेक मजूर कायमचा बंद ठेवला. उरले सात. त्यातला एक यंत्रानं स्वतःच्या कामाला राखून ठेवला. म्हणजे आठांतला एक घरी, एक मालकाच्या वाड्यावर आणि सहा वावरात.

या मजुरांची एक खुबी मला फार आवडते. त्यांचा हात रुंद आहे. ते एका घासात १२८ बिट, म्हणजे १६ बाइट उचलतात. आणि आपल्या चौकोनी तुकड्याची एक ओळ किती ठिपक्यांची होती? १६! म्हणजे तुकड्याची एक आख्खी ओळ एका हातात बरोबर मावते. सोळा वजाबाक्या एका दमात करायची आज्ञाच त्या चिपला शिकवलेली आहे. सहा मजूर गुणिले सोळा, म्हणजे एका ठोक्याला ९६ वजाबाक्या. आपल्या साडेदहा तासांना ९६ नं भागा बरं! सात मिनिटंसुद्धा येत नाहीत.

थांबा, थांबा. बाबांना सांगायला पळू नका. हा झाला कागदावरचा हिशेब, आणि कागदावर वांगी भरपूर पिकतात. प्रत्यक्षात तीन ठिकाणी घोडं अडतं.

पहिली अडचण टोपलीची. प्रत्येक मजुराजवळ स्वतःची छोटी टोपली असते, २५६ किलोबाइटची, म्हणजे २,६२,१४४ बाइट. त्याला त्या टोपलीतल्या मालावरच काम करता येतं. आणि आपलं एक चित्र, नुसतं उजेड-अंधाराचं, ४,१४,७२० बाइटचं. एक चित्रसुद्धा टोपलीत मावत नाही! मग चित्राच्या पट्ट्या कापायच्या, एक पट्टी मोठ्या गोदामातून आणायची, काम करायचं, परत ठेवायची, दुसरी आणायची. येण्या-जाण्यातच वेळ गेला तर कसला वेग? त्यावर युक्ती आहे आणि ती तुमची आई रोज करते. एक भाकरी तव्यावर असते तेव्हा ती दुसरी थापत असते. तसं एका पट्टीवर काम चालू असतानाच पुढची पट्टी टोपलीत येऊन पडली पाहिजे. पण हे आपोआप होत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं प्रत्येक फेरी हातानं आखून द्यावी लागायची. सेलवर काम करणारे प्रोग्रॅमर त्यामुळे मेटाकुटीला यायचे.

दुसरी अडचण, सगळंच काम वाटता येत नाही. तुकडे शोधून झाले, फरक काढून झाले, की शेवटी ते सगळे निरोप कमीत कमी जागेत एका ओळीत लिहायचे असतात. तिथं पुढचा आकडा कसा लिहायचा हे मागच्या आकड्यावरून ठरतं. तुकड्यांच्या शोधातही शेजारच्या तुकड्याच्या उत्तराची मदत घेतली जाते, म्हणजे डावीकडचा आणि वरचा तुकडा झाल्याशिवाय हा पूर्ण होत नाही. विटांची भिंत बांधताना खालचा थर झाल्यावरच वरचा येतो, तसं. जीन अमडाल नावाच्या अमेरिकी तज्ज्ञानं १९६७ मध्येच याचा हिशेब मांडून ठेवलाय. समजा दहा तासांच्या कामातलं नऊ तासांचं वाटता येतं आणि एक तासाचं येत नाही. सहा मजूर लावले, तर नऊ तासांचे झाले दीड तास, अधिक तो एक तास. एकूण अडीच. म्हणजे मजूर सहा, पण वेग चौपटच. लाख मजूर आणले तरी तो एक तास काही हलत नाही.

तिसरी अडचण, समोरचा पहिलवानही गप्प बसलेला नव्हता. त्या काळातल्या साध्या कॉम्प्युटरांनाही सोळा बाइट एका दमात उचलता येत होते. फक्त त्यांच्यात मजूर एक किंवा दोनच असायचे. पुढे चार झाले, आठ झाले. तेव्हा खेळाचा डबा दसपट वेगवान, शंभरपट वेगवान अशी वाक्यं कुणी सांगितली, तर "कशाच्या तुलनेत?" हा प्रश्न जरूर विचारा.

तरीही फायदा खरा होता. फिक्सस्टार्स या जपानी कंपनीनं घरच्या प्लेस्टेशन ३ ला कॉम्प्युटरचा मदतनीस बनवून त्याच्याकडून एच.२६४ एन्कोडिंग करून घेणारं सॉफ्टवेअर तयार केलं होतं. तोशिबानं तर एप्रिल २००५ मध्ये, प्लेस्टेशन बाजारात येण्याआधीच, एका सेल चिपवर ४८ व्हिडिओ एकाच वेळी उलगडून दाखवले होते. ते एन्कोडिंगच्या उलटं काम झालं आणि त्याहून बरंच सोपं, पण अठ्ठेचाळीस म्हणजे काही थोडे नव्हेत. पुढे २००८ मध्ये तोशिबानं सेलमधले चार मजूर वेगळे काढून त्यांची व्हिडिओसाठीच एक चिप केली आणि ती आपल्या लॅपटॉपमध्ये बसवली.

आता तुम्ही म्हणाल, काका, हे सगळं जपान-अमेरिकेतलं. आपल्या इकडचं काय? तर ऐका. पुष्कळ साधे मजूर एकत्र आणून मोठं काम उरकायची ही कल्पना आपल्या देशात ज्यांनी मोठ्या प्रमाणावर उभी केली, ते डॉ. विजय भटकर मूळचे मुरंबा गावचे. हे गाव अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. म्हणजे त्याआधी रिठद आणि मुरंबा एकाच जिल्ह्यात होते!

१९८० च्या दशकात भारताला हवामानाच्या आणि संशोधनाच्या कामासाठी अमेरिकेचे मोठे क्रे संगणक हवे होते. ते मिळताना अटी, नकार आणि उशीर यांचाच अनुभव जास्त आला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि भटकर तिचे प्रमुख झाले. क्रेसारखा एक महापहिलवान प्रोसेसर आपण बनवू शकत नव्हतो. त्यांनी तो नादच सोडला. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिपा बाजारात मिळत होत्या. एकमेकींशी जोडता याव्यात अशाच त्या घडवलेल्या होत्या. अशा ६४ चिपा जोडून १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकटी चिप फार मोठी नव्हती, काम वाटून देण्याची व्यवस्था मोठी होती. प्लेस्टेशनमधल्या मुकादमाचं आणि मजुरांचं जे गणित आपण आत्ता पाहिलं, तेच गणित पुण्यात पंधरा वर्षं आधी मांडलं गेलं होतं, फक्त एका चिपेऐवजी कपाटभर चिपांमध्ये.

आणि गंमत अशी, की पुढे लोकांनी खेळाच्या डब्यांचेच परम बनवले! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ इथल्या शाखेत गौरव खन्ना नावाचे भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा होते. कृष्णविवरात एखादा तारा पडताना अवकाशात ज्या लाटा उठतात, त्यांचा हिशेब त्यांना करायचा होता. मोठ्या संगणकावर वेळ विकत घेणं परवडेना. २००७ मध्ये त्यांनी आठ प्लेस्टेशन जोडले, मग सोळा, आणि त्यावर काम केलं. अशा लाटा टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा कुठं होते आहे माहीत आहे? वाशीमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. अमेरिकेच्या हवाई दलानं तर २०१० मध्ये १७६० प्लेस्टेशन एकत्र जोडून चित्रांची छाननी करणारा महासंगणक उभारला. ते का? स्वस्त म्हणून. सोनी सुरुवातीला हा डबा तोट्यात विकत होती आणि तो तोटा खेळांच्या डिस्क विकून भरून काढत होती. जो खेळ विकत घेतच नाही त्याला तर लॉटरीच लागली!

इथं गोष्टीला एक कडू वळण आहे. या डब्यावर खेळाशिवाय दुसरं काम करायचं, तर त्यात लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली घालावी लागायची. तशी सोय सोनीनं स्वतःच दिली होती आणि तिची जाहिरातही केली होती. एन्कोडिंग म्हणा, कृष्णविवरं म्हणा, सगळं त्या सोयीवर उभं होतं. १ एप्रिल २०१० रोजी सोनीनं सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आणून ती सोय काढून टाकली. तारखेमुळे काहींना तो विनोदच वाटला. कारण सांगितलं सुरक्षेचं. नवी आवृत्ती घेतली तर लिनक्स जातं आणि नाही घेतली तर इंटरनेटवरून खेळणं बंद होतं. निवडा काय ते! लोक कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये तडजोड झाली.

माझं मत विचाराल, तर हे बरोबर झालं नाही. आपण बाजारातून सायकल आणली, तिला कॅरिअर होतं, आपण त्यावर दुधाची किटली बांधून चार पैसे मिळवू लागलो. आणि एके दिवशी दुकानदारानं येऊन कॅरिअर काढून नेलं, तर? डब्यात चोरवाटा शोधणारे लोक होते हे खरं. पण पैसे मोजलेल्या साध्या माणसाची सोय त्यापायी का जावी? यावर घरात वाद घाला. आई-बाबांचं मत वेगळंही असेल.

आता मामांचं काय करायचं? जुना प्लेस्टेशन ३ शोधत हिंडू नका. पहिल्या डब्यांना पूर्ण कामावर असताना दोनशे वॅटच्या आसपास वीज लागायची, म्हणजे दोन-तीन पंख्यांइतकी. त्याचा मुख्य मेमरीचा साठाही अवघा २५६ मेगाबाइटचा. आजच्या मानानं तो म्हातारा आहे. पण त्यातली कल्पना म्हातारी झाली नाही, ती घराघरांत शिरली आहे. मामांच्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही खेळासाठीच जन्मलेलं आहे. त्यात सहा नव्हे, शेकडो-हजारो छोटे मजूर असतात. शिवाय २०१२ नंतरच्या बऱ्याच कार्डांमध्ये एन्कोडिंगसाठी एक वेगळा कोपराच राखलेला असतो. सॉफ्टवेअरमध्ये एक्सपोर्ट करताना "हार्डवेअर एन्कोडिंग" असा पर्याय दिसतो का ते मामांना बघायला सांगा. कित्येकदा तो असतो आणि कुणी सुरूच केलेला नसतो. त्यानं वेळ पुष्कळ वाचतो. तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये चित्र मात्र किंचित कमी नितळ येऊ शकतं, कारण तो घाईत शोधतो. अक्षतांचा प्रसंग दोन्ही पद्धतींनी काढून शेजारी-शेजारी ठेवून बघावा आणि मग ठरवावं. आणि लाइन जाण्यावर उपाय म्हणजे सबंध लग्न एका दमात लावू नये. हळद वेगळी, मंगलाष्टकं वेगळी, वरात वेगळी, असे तुकडे करून लावावेत. मधेच वीज गेली तर एकच तुकडा पुन्हा करावा लागेल. हे सगळे तुकडे एकाच मापाचे आणि एकाच पद्धतीनं बांधलेले असले, की शेवटी न उलगडता जोडता येतात.

तुमच्या मोबाइलमध्येही व्हिडिओ आवळणारा असा छोटा कोपरा असतो, म्हणून तर तो शूटिंग करताकरताच गाठोडं बांधतो. आणि पुण्याच्या सी-डॅकनं २०२० मध्ये जो परम सिद्धी-एआय उभारला, त्याचं बळ ज्या चिपांमध्ये आहे, त्या खेळांच्या ग्राफिक्स कार्डांच्याच घराण्यातल्या.

आता करून पाहा. चौकटीची वही घ्या. एका पानावर २० बाय २० चौकटींत ० ते ९ पैकी मनाला येतील ते आकडे भरा, हे "मागचं चित्र". मग त्यातले ४ बाय ४ चे आठ तुकडे निरनिराळ्या ठिकाणचे निवडून आठ चिठ्ठ्यांवर उतरवा. कुठून उतरवले ते फक्त तुम्हालाच माहीत. आता एका भावंडाला आठही चिठ्ठ्या द्या आणि पानावर शोधायला सांगा. घड्याळ लावा. मग नव्या आठ चिठ्ठ्या करा आणि चौघांना दोन-दोन वाटून द्या. चिठ्ठ्या वाटण्याचा आणि उत्तरं गोळा करण्याचा वेळही धरा. चौघंही एकाच पानावर डोकी घालतील आणि तुमच्या लक्षात येईल, की वेळ चौथाई होत नाही. मग त्या पानाच्या चार नकला काढा, प्रत्येकाला स्वतःची एक द्या आणि पुन्हा वेळ मोजा. नकला काढायला लागलेला वेळ वेगळा लिहून ठेवा. तिन्ही वेळा मिनिट-सेकंदांत लिहून पाठवा. नुसतं "लवकर झालं" असं नको, आकडे हवेत.